विषय: सलग तिसऱ्या वर्षी पासिंगला नापास झालेली तुमची छोटी गाडी

प्रति,
विभागीय सर्व्हिस प्रमुख,
ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या टोल फ्री नंबरवर माझा सातवा फोन झाला. आठवा करणार नाही. जे आहे ते लेखी देतो, म्हणजे उद्या कोणी "आमच्या सिस्टीममध्ये नोंद दिसत नाही" असं म्हणायला नको.

मी काळी-पिवळी टॅक्सी चालवतो. अंगावर पांढरा शर्ट घालतो, खाकी नाही. म्हणजे गाडी माझी, परमिट माझं आणि कर्जाचे हप्तेही मीच फेडलेले. गाडी २०१४ ची, तुमचीच छोटी हॅचबॅक, सीएनजी कंपनीतूनच बसवलेला. आठ वर्षांवरच्या टॅक्सीला दरवर्षी आरटीओत तपासून फिटनेस काढावा लागतो, त्यालाच आम्ही पासिंग म्हणतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी काय काय तपासतात तेही तुम्हाला पाठ असणार. तरीही २०२३, २०२४ आणि आता २०२५, तीनही वर्षं तुमच्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पासिंगचं काम करून नेलेली गाडी पहिल्या फेरीत नापास झाली.

इंजिनबद्दल माझी तक्रार नाही. पीयूसी दर वेळी एका दमात निघते. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, पास आहे, पत्रा शाबूत आहे. गाडी अडते ती दोनच जागी. हेडलाइट आणि पुढचा ब्रेक.

हेडलाइटचं ऐका. उजेडाचा झोत वर-खाली करायला मागे एक स्क्रू दिलाय. तो ज्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात बसतो तो तुकडा बोटाच्या पेराएवढा. मुंबईच्या खड्ड्यांत तो तडकतो. मग स्क्रू नुसता फिरत राहतो आणि उजेड जागचा हलत नाही. समोरच्या गाडीच्या डोळ्यांत झोत जातो, इन्स्पेक्टर नापास करतो, आणि त्याचं बरोबरच आहे. पण तो तुकडा तुम्ही सुटा विकत नाही! अख्खी लाइट घ्या, म्हणतात. ३,८७५ रुपये. पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये मिळतात मला. म्हणजे सव्वाशे लहान भाडी मारायची, तीही गॅसचा खर्च न धरता, एका प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी. २०२३ ला डावी लाइट बदलली, २०२४ ला उजवी.

माझ्या वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिची लाइट ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चाळीच्या भिंतीवर झोत पाडून स्वतः लावायचे. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ ला ताडदेवला झाली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. वयाची मर्यादा भरून गेल्या. माझ्या गाडीचं अजून निम्मंच वय झालंय आणि ती दरवर्षी अडते.

आता ब्रेक. यंदा ट्रॅकवर इन्स्पेक्टरने वेग घ्यायला लावला आणि एकदम ब्रेक मारायला सांगितला. गाडी सरळ थांबायच्या ऐवजी डावीकडे ओढली. माझ्या हातात स्टीअरिंग वळलेलं मला कळलं. तुमच्या सर्व्हिस सेंटरने केलेल्या कामांची यादी, म्हणजे जॉब कार्ड, खिशात होतं, आदल्या आठवड्याचं. "ब्रेक क्लीनिंग व अ‍ॅडजस्टमेंट" समोर बरोबरची खूण, १,१५० रुपये लावलेले.

शिवडीतल्या माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने उजवं चाक उघडलं. ब्रेकचे पॅड दाबणारा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या दोन्ही पिना गंजून जाम. वरचा रबर फाटलेला, आत ग्रीसचा थेंब नाही. आतला पॅड घासून पत्र्याला टेकलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा. एकाच चाकाचे, एकाच दिवशी बसवलेले दोन पॅड! पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढावी लागते, रबर फाटका असला की पिनांत पाणी शिरणारच. ते बघण्यासाठीच तर सर्व्हिसला देतो ना आम्ही? पिना साफ केल्या, ग्रीस भरलं, रबर आणि पॅड बदलले, दुसऱ्या फेरीत गाडी पास. म्हणजे तुमच्या माणसाने चाक उघडलंच नव्हतं. १,१५० रुपये मात्र घेतले.

मधले पाच दिवस गाडी घरासमोर उभी. फिटनेसशिवाय रस्त्यावर आणली आणि काही झालं तर विमावाले हात वर करतात.

आता कालचा फोन. मराठीसाठी दोन दाबा, दाबलं. बावीस मिनिटं तेच संगीत. मग एक मुलगा आला, त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो म्हणाला, थांबा, सीनियरना देतो. सीनियरनी गाडीचा नंबर विचारला, परत विचारला, आणि म्हणाले, "काका, गाडी अकरा वर्षांची झाली. अजून किती वर्षं पास करायचीय? एक्सचेंजला द्या ना, चांगली ऑफर आहे." मी म्हटलं, साहेब, मी ब्रेकबद्दल बोलतोय. ते म्हणाले, "तेच म्हणतोय काका, नव्या गाडीला हा प्रॉब्लेमच येणार नाही." मी विचारलं, चाक न उघडता बिल कसं लावलं? ते म्हणाले, "आमच्याकडे टिक दिसतेय." तीन वेळा हेच. टिक दिसतेय. माझ्या गाडीत शाळेची पोरं बसतात, केईएमला जाणारे पेशंट बसतात. ब्रेक लागला नाही तर त्या टिकचं मी काय करू? मी बोलत असताना त्यांनी "आणखी काही मदत?" म्हणून फोन ठेवला. माझ्या मुलीपेक्षा लहान आवाज होता तो. रात्री जेवण गेलं नाही मला.

मी तुमची गाडी दहा जणांना सुचवली. स्टँडवरच्या चौघांनी माझ्या शब्दावर घेतली. त्यांना आता काय तोंड दाखवू?

मला हवं ते एवढंच. ब्रेकचे १,१५० आणि दोन लाइटचे ७,७५० रुपये परत, पाच दिवसांच्या बुडालेल्या धंद्याची भरपाई, आणि लाइटचा तो तुकडा सुटा विकायला ठेवा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. टॅक्सी म्हणजे व्यावसायिक वापर, हे कारण पुढे करू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक धरत नाहीत. एवढ्या रकमेला फीसुद्धा लागत नाही.

ते दोन पॅड मी फेकलेले नाहीत. पिशवीत घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवलेत. तुमचा माणूस पाठवा, सकाळी साडेसहापासून मी दादर स्टेशनच्या स्टँडवर असतो.

टॅक्सी मालक-चालक,
लालबाग, मुंबई