निळी पत्रं जरा शोध, बाळू

प्रिय बाळू,

अनेक आशीर्वाद. सुनंदाला आणि मुलांनाही सांग.

रविवारी व्हिडिओ कॉलवर सईनं विचारलं, आत्याआजी तू फ्रेडी मर्क्युरीला खरंच टीव्हीवर पाह्यलं होतंस का, आणि मी उत्तर द्यायला लागले तेवढ्यात नेट गेलं. म्हणून आता निवांत बसून लिहितेय. तिला वाचून दाखव, आणि शेवटी तुझ्याकडे एक काम आहे ते पण नीट वाच.

तर सईला सांग की हो, पाह्यलं. फेब्रुवारी १९७४, टॉप ऑफ द पॉप्स, बीबीसीचा दर आठवड्याचा गाण्यांचा कार्यक्रम. त्याचा बँड क्वीन, ते त्या कार्यक्रमात पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे तेव्हा ब्लॅक अँड व्हाइटच टीव्ही होता, भाड्याचा, मागे नाण्यांची पेटी असलेला, नाणं संपलं की पडदा काळा. लांब केसांचा, काळेभोर डोळे, पुढे आलेले दात, आणि काय तो आत्मविश्वास. मी ह्यांना म्हटलं हा मुलगा आपल्याकडचा वाटतो, हे म्हणाले छे गं, इटालियन असेल. पुढच्या वर्षी त्यांचं ते बोहेमियन ऱ्हॅप्सडी आलं, नऊ आठवडे रेकॉर्डींच्या खपाच्या यादीत एक नंबरला होतं, ख्रिसमसभर दुसरं काही ऐकूच यायचं नाही, आणि त्यात मधेच बिस्मिल्ला! मी हातातली लाटी तशीच ठेवून बाहेर आले होते. फ्रेडीचं खरं नाव फारुख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथेच १९५८ ला शाळेतल्या मुलांचा बँड काढला, हे सगळं मला कितीतरी नंतर कळलं. बाळू, १९५८ ला आपण कुठे होतो? वाईत! पसरणीचा घाट चढला की पाचगणी. आपण सहलीला टेबल लँडवर भेळ खात होतो तेव्हा हा पोरगा तिथेच कुठेतरी पियानो बडवत असणार. मला अजून त्याचा आनंद होतो.

पण सईला वाटतंय तसं मी फक्त त्याच्यासाठी टीव्ही बघत नव्हते. तिला मूळ गोष्ट सांगायला हवी.

मी इंग्लंडात लेस्टरला उतरले सप्टेंबर १९६७ मध्ये. तेव्हा एक नंबरला एंगलबर्ट हम्परडिंकचं द लास्ट वॉल्ट्झ होतं. हा माणूस लेस्टरचा, म्हणजे जन्म मद्रासचा, पण इथे वाढलेला, त्यामुळे इथल्या बायकांना तो घरचा. मी होजिअरी फॅक्टरीत ओव्हरलॉकच्या शिलाई मशीनवर लागले तेव्हा आमच्या रांगेतल्या सगळ्या त्याच्यासाठी वेड्या होत्या. त्याच वर्षी त्याच्या रिलीज मी या गाण्यामुळे बीटल्सचं पेनी लेन एक नंबरला पोचू शकलं नव्हतं, हे मला पहिल्या आठवड्यातच कोणीतरी छाती फुगवून सांगितलं. मला इंग्रजी वाचता लिहिता यायचं, मॅट्रिकला चांगले मार्क होते, पण लेस्टरच्या बायका काय बोलतात ते एक अक्षर कळायचं नाही. चहाच्या सुट्टीत मी गप्प. मग एक दिवस एकीनं विचारलं काल कोरोनेशन स्ट्रीट मालिका बघितलीस का, आणि मी बघितली होती! तिथून माझं बोलणं सुरू झालं. तीनच चॅनल, बीबीसी वन, बीबीसी टू आणि आयटीव्ही, म्हणजे काल रात्री तू जे पाह्यलंस तेच शेजारणीनं, तेच फोरमननं, तेच बसच्या कंडक्टरनं. गुरुवारी टॉप ऑफ द पॉप्स, शनिवारी संध्याकाळी डॉक्टर हू, ती काळातून प्रवास करणाऱ्या डॉक्टरची मालिका, की दुसऱ्या दिवशी बोलायला विषय तयार. परक्या गावात आपल्याला बोलायला विषय मिळणं ही काय चीज आहे ते तिकडे वाईत राहून नाही कळायचं रे. लोक विचारतात तुला त्या जुन्या गोष्टींचं एवढं काय, तर हे आहे. मला या देशानं आत घेतलं ते पासपोर्टानं नाही, टीव्हीनं घेतलं.

३० सप्टेंबर १९६७ हा दिवस मला पक्का आठवतो, शनिवार होता. आम्ही हायफील्ड्समध्ये एका घराच्या वरच्या खोलीत राहायचो, खाली घरमालकीण आणि तिचा शाळकरी मुलगा. सकाळी सात वाजता त्या पोरानं स्वयंपाकघरातला रेडिओ एवढा मोठा लावला की मी खाली धावत गेले. बीबीसीचं नवं गाण्यांचं स्टेशन रेडिओ वन सुरू होत होतं, त्याच दिवशी, त्याच मिनिटाला. निवेदक टोनी ब्लॅकबर्न बोलला आणि पहिलं गाणं लावलं ते द मूव्ह या बँडचं, हे शेजारच्या बर्मिंगहॅमचे. पोरगा खूश पण होता आणि चिडलेला पण, कारण ऑगस्टमध्ये सरकारनं कायदा करून समुद्रातली रेडिओ स्टेशनं बंद पाडली होती. हे प्रकरण तुला मी तेव्हा लिहिलं होतं असं वाटतंय. बीबीसीवर दिवसाला रेकॉर्डी किती तास लावायच्या याला मर्यादा असायची, वादकांच्या युनियनशी तसा करार होता, म्हणून पोरांना हवी ती गाणी ऐकायलाच मिळायची नाहीत. मग १९६४ पासून लोकांनी जहाजं नेऊन इंग्लंडच्या हद्दीबाहेर समुद्रात उभी केली आणि तिथून दिवसभर गाणी, रेडिओ कॅरोलाइन हे त्यातलं नावाजलेलं. वादळात, लाटांवर हलत, रेकॉर्डवरची सुई उडायची तरी चालू. शेवटी बीबीसीला त्यांच्यासारखंच स्टेशन काढावं लागलं आणि जहाजावरचेच निवेदक नोकरीला घ्यावे लागले. मला ही गोष्ट फार आवडते.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी घरमालकिणीनं मला खाली टीव्ही बघायला बोलावलं, डॉक्टर हू. त्या दिवशी नवी गोष्ट सुरू झाली, हिमालयातल्या मठाची, हिममानवांची. लामा बहुतेक इंग्रज नट, आणि हिमालय म्हणजे वेल्समधले डोंगर, पण मला काय हसू यावं का रडू, घर सोडून महिना झालेला आणि समोर पडद्यावर हिमालय! डॉक्टर झालेला पॅट्रिक ट्रॉटन खिशातून छोटी बासरी काढून वाजवायचा. आणि ते सुरुवातीचं संगीत, अंगावर काटा आणणारं. ते कुठल्या वाद्यावर वाजवलेलंच नाही हे तुला माहितेय का? रॉन ग्रेनरनं चाल लिहिली आणि डेलिया डर्बीशायर नावाच्या बाईनं बीबीसीच्या वर्कशॉपमध्ये एकेक सूर टेपवर रेकॉर्ड करून, टेप ब्लेडनं कापून, जोडून जोडून तयार केलं, १९६३ साली. आणि पहिली गोष्ट दिग्दर्शित केली ती वारिस हुसेननं, लखनौला जन्मलेला मुलगा, तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. आमचा निखिल नंतर सोफ्याच्या मागे लपून हे बघायचा, इथली सगळीच पोरं तशी बघायची.

आपली माणसं त्या गाण्यांत किती होती हे मला हळूहळू कळत गेलं, आणि हे सईला नक्की सांग कारण तिला फक्त फ्रेडीच माहितेय. बीटल्सचा १९६६ चा रिव्हॉल्व्हर हा एलपी आहे ना आपल्याकडे (माझ्याकडे अजून आहे, कव्हर फाटलंय), त्याच्या मागे बघ, अनिल भागवत, तबला, असं छापलंय. भागवत! लंडनला फिंचलीत एक एशियन म्युझिक सर्कल होतं, अंगडी नावाचे आपल्या कर्नाटकातले गृहस्थ आणि त्यांची इंग्रज बायको चालवायचे, तिथून जॉर्ज हॅरिसननं वादक बोलावले. पुढच्या वर्षीच्या एलपीत दिलरुबा वाजवणाऱ्यांत अण्णा जोशी होते, पण त्यांचं नाव कव्हरवर नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं. द किंक्स हा बँड १९६५ ला ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत थांबला होता, पहाटे कोळी जाळी घेऊन गात समुद्राकडे चालले होते ते रे डेव्हीसनं ऐकलं आणि त्यावरून गाणं केलं, सी माय फ्रेंड्स. ते गाणं लाव, तंबोऱ्यासारखा सूर सतत मागे लागलेला आहे, गिटारवरच. कोळ्यांना बिचाऱ्यांना पत्ता पण नसेल. आणि जानेवारी १९६८ ला हॅरिसन स्वतः मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन आपल्या वादकांकडून वाजवून घेऊन गेला, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, त्यातलंच एक गाणं बीटल्सच्या लेडी मॅडोना या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं.

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. देवळालीवर एक विनोदी मालिका होती, इट एन्ट हाफ हॉट मम, १९७४ पासून, ब्रिटिश सैनिकांची नाटकमंडळी देवळालीच्या छावणीत असते अशी. पहिल्यांदा देवळाली शब्द ऐकला आणि मी मावशीच्या आठवणीनं टीव्हीला चिकटले. पण त्यातला मुख्य हिंदी माणूस म्हणजे तोंडाला तपकिरी रंग लावलेला मायकेल बेट्स. झाशीला जन्मलेला, हिंदी बरी बोलायचा, काम पण छान करायचा, तरी आमच्या घरात कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं निखिलला त्याच्या नकला करून दाखवायची. आता बीबीसी ती दाखवत नाही आणि मला त्याचं दुःख नाही. टॉप ऑफ द पॉप्सच्या काही निवेदकांची पुढे जी घाणेरडी कृत्यं बाहेर आली त्यांचे भागही दाखवत नाहीत, ते पण बरोबरच आहे. आमच्यासाठी म्हणून १९६८ पासून रविवारी सकाळी नई जिंदगी नया जीवन लागायचं, महेंद्र कौल आणि सलीम शाहिद, हिंदी-उर्दूत. मराठी नव्हतं पण त्या अर्ध्या तासाला आम्ही अंघोळी उरकून बसायचो. डिसेंबर १९७३ ला कोळसा खाणकामगारांच्या भांडणात वीज वाचवायला टीव्ही रात्री साडेदहाला बंद करायचे, तेव्हा सगळ्या गल्लीत एकदम दिवे जायचे ते आठवतं.

आता काम ऐक.

हे जे सगळं मी पाह्यलं त्यातलं बरंच बीबीसीकडे उरलेलंच नाही. व्हिडिओ टेप फार महाग, आणि कलाकारांच्या युनियनशी करार असे की फार वेळा परत दाखवता यायचं नाही, मग ठेवून काय करायचं म्हणून टेप पुसून त्यावरच दुसरं रेकॉर्ड करायचे. १९७८ च्या सुमारास ते थांबलं, तोपर्यंत साठच्या दशकातलं टॉप ऑफ द पॉप्स जवळजवळ सगळं गेलं. जून १९६६ ला बीटल्स स्वतः त्या स्टुडिओत येऊन गायले, तो भागसुद्धा गेला! कोणीतरी घरी टीव्हीसमोर कॅमेरा धरून काढलेले अकरा सेकंद २०१९ ला सापडले तर इथे पेपरात बातमी. बीबीसी फोरवर जुने भाग दाखवायला लागले तेव्हा सुरुवातच १९७६ पासून केली. आणि ती हिमालयातली डॉक्टर हूची गोष्ट, सहा भागांची, त्यातला फक्त दुसरा भाग शिल्लक आहे. आवाज मात्र सगळ्या भागांचे आहेत, कारण तेव्हाच्या पोरांनी टीव्हीच्या स्पीकरला माइक लावून टेप करून ठेवले होते. सरकारी संस्थेनं पुसलं आणि बारा वर्षांच्या पोरांनी जपलं.

आणि बाळू, मी दर आठवड्याला घरी लिहीत होते. आईनं टीव्ही पाह्यला नव्हता, मुंबई दूरदर्शन आलं ते १९७२ ला, वाईला त्याच्याही नंतर, म्हणून मी तिला सगळं वर्णन करून लिहायचे, कोण आलं, काय घातलं होतं, कसं नाचले, पाठीमागे काय होतं. तू मोठ्यानं वाचून दाखवायचास आणि मग तुझे वेगळे प्रश्न यायचे. अण्णा ती पत्रं तारेला टोचून ठेवायचे आणि तार भरली की ट्रंकेत. ती हिरवी ट्रंक माळ्यावर आहे का अजून? मागच्या खेपेला मी होते तेव्हा तर होती, सुनंदानं वर गोधड्या ठेवल्या होत्या.

सईला माळ्यावर चढव, तू चढू नकोस, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सप्टेंबर १९६७ ते साधारण १९७० पर्यंतची निळी एअर लेटरं काढा. वाळवी लागली असेल तर झटकू नका, तशीच उन्हात पसरा आणि मला आधी विचारा. फोटो काढताना तिन्ही घड्या उघडून काढा आणि कडेचे पण काढा, मी जागा संपली की कडेनं उभं लिहायचे, बहुतेक वेळा गाण्यांचं तिथेच असायचं. ऑक्टोबर १९६७ चं एखादं सापडलं तर ते सगळ्यात आधी पाठव. डॉक्टर हूचे हरवलेले भाग ज्यांनी तेव्हा पाहिले त्यांच्या आठवणी गोळा करणारी माणसं इथे आहेत, त्यांना मी इंग्रजीत करून देईन, निखिल मदत करतो म्हणालाय.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेस तर धुरकट येतात, सईला ईमेलनं पाठवायला सांग.

तुझी
ताई