उरलेल्या पॉइंट्सचा हिशेब

प्रिय छकुली,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी "बघते, सांगते" म्हटलं आणि तू लगेच ओळखलंस की मला पटलेलं नाही. फोनवर आकडे सांगायला लागले की तू मध्ये बोलतेस, मग माझा हिशेब चुकतो. म्हणून बसून लिहून काढतेय. जावईबापूंनाही वाचायला दे, पण आधी तू वाच.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. टाइमशेअरचे पॉइंट्स, म्हणजे दरवर्षी रिसॉर्टमध्ये राहण्याचा आगाऊ विकत घेतलेला हक्क, घ्यायचेच आहेत, तर मोठं पॅकेज घ्यायचं, कारण त्यात एकेक पॉइंट स्वस्त पडतो. निम्मे आपण वापरायचे, उरलेले भाड्याने द्यायचे. भाड्यातून वर्षाची देखभालीची वर्गणी निघते, म्हणजे सुट्टी फुकट. "फुकट" हा शब्द तू तीनदा वापरलास. जन्मभर हिशेबाच्या वह्या तपासल्यावर अशा शब्दाला आपोआप कान टवकारले जातात, त्याला माझा इलाज नाही.

कपाटात वरच्या फळीवर ती निळी फाइल आहे ना, सोनेरी अक्षरांची, तिला तू लहानपणी "सुट्टीचं पुस्तक" म्हणायचीस. काल रात्री ती खाली काढली. आमचा करार त्यातच आहे. तू तेव्हा आठवीत होतीस. दीड तासाचं सादरीकरण ऐका आणि भेटवस्तू घेऊन जा, असं आमंत्रण आलं होतं. दीड तासाचे चार तास झाले. समोरचा मुलगा फार गोड बोलणारा. तो कोऱ्या कागदावर आकडे उलटे लिहायचा, म्हणजे त्याच्या बाजूने उलटे आणि आम्हाला सुलटे दिसतील असे. मला त्या कसबाचंच इतकं कौतुक वाटलं की त्या आकड्यांची बेरीज मी केलीच नाही. मी! तो कागद अजून फाइलमध्ये आहे. त्यावर पुढच्या पंचवीस वर्षांचा हॉटेलचा खर्च लिहिलाय, त्याखाली दोन रेघा ओढल्यात. देखभालीच्या वर्गणीचा आकडा कोपऱ्यात, बारीक, आणि फक्त पहिल्या वर्षाचा.

म्हणून पहिलं काम हे. तुझा आकडा काय ते मला माहीत नाही, तेव्हा खरेदीची किंमत १०० धरू. पहिल्या वर्षीची वर्गणी ४ आणि ती दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढते असं धर. आमची काही वर्षं त्याहून जास्त वाढली, पण ५ राहू दे. पंचवीस वर्षांत नुसती वर्गणीच जवळजवळ १९१ होते. म्हणजे ज्या किमतीवर तू रात्रंदिवस विचार करतेयस तिच्या जवळपास दुप्पट रक्कम तू करारात नकळत मान्य करतेस. शेवटच्या वर्षीचं बिल १३ च्या आसपास येतं. गेलीस किंवा नाही गेलीस, बिल येतंच. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षीही वेळेवर आलं होतं.

आता तुझा भाड्याचा बेत. निम्मे पॉइंट्स भाड्याने देऊन सगळी वर्गणी, म्हणजे ४, निघाली असं मानू. तरी ते १०० निघालेले नाहीत. निम्म्याच पॉइंट्सच्या सुट्ट्यांसाठी तू १०० आधीच मोजून बसलेली असतेस. ती फुकट सुट्टी कशी? फार तर आगाऊ पैसे भरलेली सुट्टी म्हण. दुसऱ्या बाजूने बघ. तू निम्मंच पॅकेज घेतलं असतंस तर ५० लागले असते आणि वर्गणी २. म्हणजे वरचे ५० हा तुझा धंदा झाला. त्यात भाडं आलं ४, त्या पॉइंट्सची वर्गणी गेली २, राहिले २. भाडं आणि वर्गणी दोन्ही जागच्या जागी राहिली तर ५० परत यायलाच पंचवीस वर्षं लागतात. व्याज शून्य, आणि मुदतीच्या करारात शेवटी हातात काही उरत नाही. वर्गणीच्या वेगाने भाडंही वाढलं तर चित्र जरा बरं दिसेल, हे कबूल. पण वर्गणी वाढू शकते हे करारात लिहिलेलं असतं, भाडं वाढेल असं कुणी लिहून देत नाही. शिवाय हे सगळं कधी, तर एकही वर्ष एकही पॉइंट पडून राहिला नाही तर. आलेलं भाडं उत्पन्नात मोजलं जाऊन त्यावर कर लागतो का, तेही विचारून घे.

(मोठ्या पॅकेजला पॉइंट स्वस्त पडतो हे खरंच आहे. घाऊक भावात छत्र्या मिळतात म्हणून कुणी घरात पन्नास छत्र्या आणून ठेवत नाही.)

पण गणितापेक्षा मला तुझा "उरलेले" हा शब्द जास्त टोचला. उरलेले पॉइंट्स भाड्याने जात नाहीत, बाळा. आधीपासून राखून ठेवलेले जातात. हे मला अनुभवाने कळलं, म्हणून सविस्तर सांगते.

मुळात लोक पॉइंट्स भाड्याने घेत नाहीत, ठरावीक तारखांची खोली घेतात. मालकाने आपल्या पॉइंट्समधून बुकिंग करायचं आणि ते दुसऱ्याच्या नावावर द्यायचं, हा त्यातला व्यवहार. आणि भाडेकरूला तारखा कुठल्या हव्या असतात? शाळेच्या सुट्टीतल्याच, ज्या तुलाही हव्या असतात. त्या दिवसांना पॉइंट्सही जास्त लागतात, कारण हंगाम, खोलीचा आकार आणि आठवड्याचा वार यांवर तक्ता ठरतो. त्या तारखा बुकिंगची खिडकी उघडल्या उघडल्या संपतात. डिस्नेच्या व्हेकेशन क्लबचं उदाहरण घे. १९९१ साली सुरू झालेला, पॉइंट्सवर चालणाऱ्या क्लबांतला बराच नावाजलेला. तिथे ज्या रिसॉर्टचे पॉइंट्स तुझ्या मालकीचे, तिथलं बुकिंग ११ महिने आधी करता येतं, बाकीच्या रिसॉर्ट्सचं ७ महिने आधी. म्हणजे भाड्याने जाईल अशी खोली हवी असेल तर तुला अकरा महिने आधी गजर लावून बसावं लागेल. आपण स्वतः कधी जाणार हेही ज्या वेळी ठरलेलं नसतं, त्या वेळी कुणा अनोळखी माणसासाठी. वर्षाच्या शेवटी "अरेच्चा, इतके उरलेत" म्हणून हाती येतात ते पॉइंट्स कुणालाच नको असलेल्या तारखांचे असतात.

मग पुढच्या वर्षावर ढकलू, असं तू म्हणशील. ढकलता येतात, पण त्यालाही मुदत असते. त्याच क्लबात तुझं वापराचं वर्ष, म्हणजे त्या वर्षीचे पॉइंट्स वापरायचे बारा महिने, सुरू झाल्यापासून पहिल्या ८ महिन्यांत ते करावं लागतं, आणि एकदा पुढे ढकललेला पॉइंट पुन्हा ढकलता येत नाही. मुक्कामाला ३० किंवा त्याहून कमी दिवस राहिले असताना बुकिंग रद्द केलंस तर ते पॉइंट्स वेगळ्या खात्यात जातात आणि पुढच्या ६० दिवसांतल्या मुक्कामासाठीच वापरता येतात. इतर ठिकाणचे आकडे वेगळे असतील, पण रोख हाच.

आमचं नेमकं इथेच फसलं. बाबांच्या ऑपरेशनच्या वर्षी मी आमची खोली भाड्याने दिली. ओळखीतल्या ओळखीने एक कुटुंब आलं. चौघं जण, निम्मे पैसे आगाऊ. बुकिंग त्यांच्या नावावर करायला कंपनीने पाहुण्याच्या नावाचं शुल्क घेतलं, ते मी धरलंच नव्हतं. मुक्कामाच्या अकरा दिवस आधी त्या बाईंचा फोन आला. सासूबाई दवाखान्यात, आवाज रडवेला. येणं जमणार नाही, आगाऊ परत मिळेल का? मी कंपनीला फोन लावला. रद्द करण्याची मुदत उलटून गेली होती, पॉइंट्स बुडाले. बाबा पलंगावर पाय लांब करून बसले होते, म्हणाले, आगाऊ परत द्यायचं नाही, तसं ठरलं होतं का? ठरलं नव्हतं. काहीच ठरलं नव्हतं. मी एका कागदावरसुद्धा काही लिहून घेतलं नव्हतं. मी पैसे परत केले आणि आम्ही दोघं तीन दिवस एकमेकांशी नीट बोललो नाही. त्या वर्षीची वर्गणी गेली, शुल्क गेलं, खोली रिकामी राहिली. आणि पॉइंट्स बुडाले हे मी खोटंच सांगतेय असं त्या बाईंना वाटत होतं, हे त्यांच्या आवाजातून कळत होतं.

तेव्हा तुझ्या करारात भाड्याबद्दलचं कलम शोध. काही ठिकाणी भाड्याने द्यायला साफ मनाई असते. काही ठिकाणी अधूनमधून दिलेलं चालतं, पण धंदा म्हणून चालत नाही, आणि कशाला धंदा म्हणायचं हे कंपनी ठरवते. डिस्नेच्या करारातही व्यापारी वापराला बंदी आहे. दरवर्षी निम्मे पॉइंट्स भाड्याने देणारी तू कुठल्या रकान्यात बसशील याचा विचार कर. पाहुण्याने काही मोडलं-तोडलं तर बिल मालकाकडे येतं का, तेही बघ.

आणखी एक. विकता येतं, असं तुला सांगितलं असेल. येतं की. आम्हीही विकायला काढलं होतं. ज्या भावाने घेतलं त्याच्या पावपट भावातही गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा कळलं की नव्या खरेदीच्या किमतीत जाहिरात, दलाली आणि ती भेटवस्तू असं सगळं भरलेलं असतं. नंतर एकाचा फोन आला, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त हस्तांतराचं शुल्क आधी भरा. बाबा भरायला निघाले होते, मी अडवलं. विकून देण्याआधी पैसे मागणाऱ्यांची ही जुनी फसवणूक आहे, जगभर चालते. तुलाही असा फोन कधी ना कधी येईल. फोन ठेवून द्यायचा.

आता तू म्हणशील, आईला सगळंच वाईट दिसतं. नाही गं. खरं सांगायचं तर त्या निळ्या फाइलने आपल्याला सहा-सात सुट्ट्या दिल्या, नाहीतर आपण गेलोच नसतो. बाबा रजा घेणारे नव्हेत, तुला माहीत आहे. "पैसे भरलेत, वाया जातील" एवढ्या एका वाक्यावर ते बॅग भरायचे. तू पोहायला शिकलीस ते तिथेच. पहिल्यांदा हात सोडलास तेव्हा बाबा कपड्यांनिशी पाण्यात उतरले होते. हे सगळं कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला आजही कळलेलं नाही. तुमच्या घरातही कुणाला ढकलल्याशिवाय सुट्टी होत नसेल, तर निम्मं, अगदी लहान पॅकेज घेण्यात अर्थ असू शकतो. दरवर्षी जितके नक्की वापराल तितकेच पॉइंट्स, एकही जास्त नको. आणि तेही आधी जुन्या मालकाकडून मिळतात का ते बघून. मात्र दुसऱ्याकडून घेतलेल्या पॉइंट्सवर कंपनी काही सवलती देत नाही, त्या तुला खरंच हव्यात का ते पाहून घे.

पण माझं ऐकशील तर यंदा आणि पुढच्या वर्षी विकत काहीच घेऊ नकोस. उलट दुसऱ्या कुणाचे तरी पॉइंट्स तूच भाड्याने घे. त्याच रिसॉर्टमध्ये, मुलांच्या सुट्टीत. खोली आवडते का, तारखा जमतात का, मुलं दुसऱ्या वर्षीही तिथेच जायला तयार होतात का, सगळं कळेल. शिवाय भाडं ठरवताना तू किती घासाघीस करतेस ते बघ. उद्या तुझे भाडेकरू तुझ्याशी तितकीच करणार आहेत.

"आजच सही केली तरच हा भाव" असं ते म्हणालेत, हे तू हळूच सांगितलंस ते मी ऐकलं. आमच्या वेळीही तो भाव फक्त त्या दिवसापुरताच होता. आठवड्याने त्याच भावाचं पत्र घरी आलं, ते फाइलमध्ये आहे, तुला दाखवीन. आणि चुकून सही झालीच असेल तर घाबरू नकोस, पण दिवस मोजायला लाग. सही केल्यावर माघार घेण्याची मुदत पुष्कळ ठिकाणी कायद्यानेच दिलेली असते. युरोपीय संघात १४ दिवस, आणि तेवढ्या काळात आगाऊ पैसे घ्यायलाही बंदी. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १० दिवस. तुझ्या करारात किती ते पहिल्या पानावर नसेल, मागे शोध. माघार लेखी कळवायची, पोच ठेवायची. फोनवर "हो, नोंद केली" म्हणतात त्यावर विसंबू नकोस.

कराराची सगळी पानं फोटो काढून पाठव, बारीक अक्षरांची पानं सोडू नकोस. वर्गणी गेल्या पाच-सहा वर्षांत कशी वाढली ते त्यांच्याकडून लेखी माग. रविवारी सकाळी मी चष्मा लावून बसते, तू फोन कर. तोपर्यंत त्यांचा फोन आला तर सांग, आईला विचारून सांगते. पस्तिशीच्या बाईने असं म्हटलं तर हसतील, हसू देत.

बाबा विचारतायत, तिथे पोहण्याचा तलाव आहे का.

तुझी,
आई