भुशाचे पोते मीच काढून दिले

संपादक महोदय,

साकीनाक्याच्या एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा देण्याच्या, गाळ्यात मी २६ वर्षे स्टोअर सांभाळले. २०१६ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी नायट्रिक ॲसिडचा ३५ लिटरचा कॅन ट्रॉलीवरून घसरला आणि फुटला. तेल सांडले की लाकडाचा भुसा टाकायचा, ही आमची वर्षानुवर्षांची सवय. पोरांनी भुसा मागितला. पोते मीच काढून दिले. बघता बघता तपकिरी धूर उठला, भुसा धुमसला आणि कडेने पेटला. नायट्रिक नुसते भाजत नाही, ते लाकूड, कापड, कागद यांना आग लावू शकते, हे मला ठाऊक नव्हते. कॅनवर लिहिलेले होते, पण इंग्रजीत.

आग अग्निशमन दलाने विझवली. खरा घात नंतर झाला. भुसा ओतणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला थोडा खोकला आला, डोळे चुरचुरले, मग बरे वाटले. चहा पिऊन तो मानखुर्दला घरी गेला. पहाटे तीनला त्याला श्वास घेता येईना. तो तपकिरी वायू नायट्रोजन डायऑक्साइड. तो छातीत गेल्यावर माणूस काही तास ठणठणीत दिसतो आणि मग फुफ्फुसांत पाणी भरते. अकरा दिवस ऑक्सिजनवर राहून तो वाचला. पण स्टेशनचा जिना चढताना आजही त्याला मध्ये थांबावे लागते. असा धूर ज्याने ओढला, तो कितीही ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी त्याला तेव्हाच रुग्णालयात न्यायचे आणि धूर कशाचा होता ते डॉक्टरांना सांगायचे, एवढे आम्हाला कोणीतरी आधी शिकवायला हवे होते.

२००६ च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. आमच्याकडे ते होते. आग विझवायचे बाटलेही भरलेले होते. कशावर काय टाकायचे नाही, हे मात्र गाळ्यात एकालाही माहीत नव्हते. थिनर पेटला तर पाण्याची बादली मारू नये, तो पाण्यावर तरंगत, पेटलेलाच पुढे सरकतो; तिथे फोम किंवा पावडर हवी. तीव्र सल्फ्युरिक सांडले तर त्यावर पाणी ओतू नये, ते उसळून अंगावर येते. माणसाच्या अंगावर ॲसिड उडाले तर नेमके उलटे: भिजलेले कपडे काढून त्याचे अंग निदान १५ मिनिटे नळाखाली धरायचे.

प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक असते. त्यात १६ विभाग. चौथ्यात प्रथमोपचार, पाचव्यात आग, सहाव्यात सांडल्यावर काय करायचे ते. हे तीन विभाग मराठीत आणि हिंदीत स्टोअरच्या दारावर लावले पाहिजेत. आमची निम्मी पोरे उत्तर प्रदेशची होती, म्हणून हिंदीही हवी. प्रमाणपत्र देणारी एजन्सी बाटल्याचा काटा बघते, तशी तिने दारावरचा हा कागदही बघावा, अशी सक्ती सरकारने करावी.

आणि गेटवर यादी हवी. आत कोणते रसायन, किती, कुठल्या कोपऱ्यात. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र होता. ती आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. दर एप्रिलला आपण त्यांना मानवंदना देतो, आणि आजही जवान बंद शटरसमोर येतात तेव्हा आत काय ठेवले आहे ते त्यांना कोणी सांगू शकत नाही. आमच्या गाळ्यात आग लागली त्या संध्याकाळी अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न तोच विचारला. मागच्या भिंतीला सायनाइडचे डबे आहेत, त्यांच्याकडे ॲसिड वाहू देऊ नका, विषारी वायू सुटेल, हे मी सांगितले. माझी ड्युटी सहाला सुटायची. माल उशिरा आला, म्हणून त्या दिवशी मी थांबलो होतो.

— एक निवृत्त स्टोअरकीपर, भांडुप