शनिवार तरी पाळकांना द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘चर्चमधल्या उपदेशात आता दम राहिला नाही’ अशी तक्रार करणारे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. तक्रार खरी आहे, पण ती पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, नावावर टाकून मोकळे होता येणार नाही. मी नगर जिल्ह्यातल्या एका मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, जुना सभासद. दोनदा कमिटीवरही होतो.

गेल्या मे महिन्यात एका शनिवारी रात्री साडेनऊला मी पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. नातवाच्या शाळेसाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. माझ्याआधी तिघे बसलेले. एकाला लग्नासाठी हॉल हवा होता, दुसरा कब्रस्तानाच्या भिंतीचे कोटेशन घेऊन आला होता आणि तिसऱ्याच्या बायकोचे नाव महिला मंडळाच्या पत्रिकेत छापायचे राहिले होते. टेबलावर पवित्र शास्त्र होते, त्याच्यावर पाणीपट्टीच्या पावत्या. साहेबांनी सगळ्यांचे ऐकून घेतले, मला दाखला लिहून दिला. शिक्का सापडेपर्यंत सव्वाअकरा झाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी उपदेश मोबाइलवर बघून केला. बाहेर ४२ अंश, आणि दृष्टान्त बर्फाच्या वादळात सापडलेल्या प्रवाशाचा! मागच्या बाकांवर खसखस पिकली. मीही हसलो. घरी येऊन तो दाखला कपाटात ठेवताना मात्र हसू आले नाही.

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय आपल्याला नवा नाही. विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांनी, पंगतीची व्यवस्था सात जणांवर सोपवली आणि स्वतःकडे प्रार्थना व वचनाची सेवा एवढेच ठेवले. आमच्याकडे उलटे. सात जण खुर्चीत बसून सांगणार आणि पंगत पाळक वाढणार. हंगामाच्या सणाला कोंबड्या-भोपळ्यांचा लिलावसुद्धा त्यांनीच पुकारायचा. (भोपळ्याचा भाव ते चांगला चढवतात, हे कबूल.)

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदे आपण उपासनेत गातो. त्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे काम आणि वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. तसे करणारा एखादाच. आजच्या पाळकाला मुलांची फी भरायची असते, चार-पाच वर्षांनी बदली ठरलेली असते. त्याने नोकरी सोडावी असे कोणी म्हणत नाही. रोज सकाळी दोन तास दार लावून वाचायला, गुडघे टेकायला मिळाले तरी पुष्कळ. पण दार लावले की ‘पाळक भेटत नाहीत’ असा अर्ज बिशपांकडे जातो. पूर्वीच्या एका पाळकांविरुद्धच्या अशाच अर्जावर माझी सही आहे.

दाखले बुधवारी द्यावेत. जमाखर्च खजिनदाराने बघावा, त्यासाठीच त्याला निवडलेले असते. शुक्रवार संध्याकाळनंतर आजारी किंवा मयत असल्याशिवाय कोणी बंगल्याची पायरी चढू नये. मी निवृत्त माणूस, हॉलच्या बुकिंगची वही माझ्याकडे द्या, असे कमिटीला लेखी कळवले आहे. दोन महिने झाले, वही अजून बंगल्यावरच आहे.

आपला,
एक मंडळीकर, अहिल्यानगर