बाबांच्या नोकरीची चार पाने

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, महाविद्यालयातल्या कनिष्ठ लिपिक ते कार्यालय अधीक्षक या आपल्या नोकरीविषयी तुम्ही लिहिलेली चार पाने मिळाली. अक्षर आवक-जावक नोंदवहीतल्यासारखेच सरळ आहे. तक्रार आहे ती मजकुराविषयी. त्यात सगळे प्राचार्य क्रमाने आले, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटी आल्या, इमारतीचा नवा मजलाही आला, आणि तुम्ही मात्र ‘कार्यालयाने सहकार्य केले’ एवढ्यावरच उरलात.

माझ्या मते सुरुवात सेवापुस्तकांपासून, म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदवह्यांपासून व्हायला हवी. एखाद्या शिपायाच्या पुस्तकात एका वर्षाची पडताळणी राहून गेली किंवा बिनपगारी रजेची नोंद आदेश क्रमांकाविना झाली, तर तिचा त्रास निवृत्तीच्या वेळी, पेन्शनचे प्रकरण त्रुटी लागून परत येते तेव्हा कळतो; तोवर नोंद करणारा घरी बसलेला असतो आणि मूळ आदेश वाळवीने खाल्लेला असतो. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे दोन वर्षे आधी तयार करायला घ्यावीत, असे १९८२ चे नियम सांगतात. तुम्ही तेवढी वाट कधी पाहिली नाही. दर एप्रिलला, परीक्षांच्या धामधुमीत, कूलरच्या वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून त्यांवर पंचिंग मशीन ठेवून तुम्ही सगळी पुस्तके काढून बसायचात आणि ज्याचे पुस्तक त्याला समोर बसवून, नोंदी वाचून दाखवून मगच त्याची सही घ्यायचात. सुट्टीत तुमचा डबा घेऊन आले की मी हे पाहत असे. नॅकच्या अहवालात याला रकाना नव्हता, म्हणून तुमच्याही पानांत तो नसावा, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट प्रवेशांची. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-शिवनीकडून येणाऱ्या मुलांचे मायग्रेशन (स्थलांतर) आणि पात्रता प्रमाणपत्र, गडचिरोलीच्या मुलांची शिष्यवृत्ती, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांना पुन्हा तहसीलला पाठवावे लागू नये म्हणून प्रवेशाच्या वेळीच फलकावर लावलेली कागदांची यादी, हे सविस्तर लिहा. फी थकलेल्या मुलांची परीक्षेची प्रवेशपत्रे अडवण्याचा विषय निघाला, तेव्हा ‘शिष्यवृत्ती मंजुरीच्या अधीन राहून द्यावीत’ अशी टिपणी तुम्ही प्राचार्यांपुढे ठेवली होती. ती टिपणी तुमची होती, कार्यालयाची नव्हे.

२००५ साली नागपूर विद्यापीठाच्या नावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आले आणि २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ होऊन चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालये तिकडे गेली. शिक्के आणि लेटरहेड बदलणे त्यातले सोपे काम. जुन्या पदवीवरचे नाव नव्या नावाशी जुळत नाही म्हणून नोकरीच्या ठिकाणी अडलेले माजी विद्यार्थी तुमच्याकडे यायचे, त्यांना काय लिहून देत होतात, ते आता तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. संगणक आल्यावरचा भाग थोडक्यात आटोपलात तरी चालेल, तो पुढच्यांना ठाऊक आहे.

आई, एक परिच्छेद तू सांगायचा आहेस. अनुदान लांबले की पगार लांबायचा, आणि बाबा दुसऱ्यांच्या वेतन देयकांसाठी उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात खेटे घालत असताना किराणा, दूध आणि आमची फी तू कशी भागवत होतीस, हे त्यांच्या नोकरीच्या हकिगतीतच यायला हवे. बाबा ‘घरगुती बाब’ म्हणून ते वगळतील, तेव्हा तू सांग आणि त्यांना जसेच्या तसे उतरवून घ्यायला लाव.

बाबा, कर्मचाऱ्यांची नावे न घालता हुद्दे लिहिले तरी पुरे. दुरुस्त केलेली पाने दिवाळीपूर्वी पाठवलीत, तर टंकलेखन मी करीन. समासात तुम्ही तांबड्या शाईने फेरफार सुचवालच, म्हणून ओळींमध्ये जागा सोडून ठेवीन.

तुमची,
लेक