बाबांच्या हातात पेन्सिल देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव काढलं की अजूनही घसा दाटून येतो, म्हणून समोर बसून नीट बोलता आलं नसतं. लिहितेय ते सगळ्यांसमोर, कारण सोलापुरात आमच्यासारखी घरं अजून असणार.

माझ्या दोन आत्या स्तनाच्या कॅन्सरनं गेल्या, तिसरी अंडाशयाच्या. तिघीही पन्नाशीच्या आत. तुमच्याकडे येण्याआधी एका नावाजलेल्या तज्ज्ञांना हे सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "आईकडे कुणाला?" नाही म्हटल्यावर, "मग वडिलांकडचं धरायचं नसतं," आणि पुढच्या पेशंटला हाक. हा राग माझ्या मनातून जात नाही. ज्यातल्या बदलानं स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर घराण्यात उतरतो, ते बीआरसीए-१ हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे, याचा माग अमेरिकन शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली काढला, १९९४ मध्ये ते जनुक सापडलंही. सतरावं गुणसूत्र जसं आईकडून येतं तसंच बापाकडून येतं. एवढं त्यांना ठाऊक नसेल? की विचार करायला दोन मिनिटं नव्हती?

त्यात भावाच्या मुलाच्या हृदयाची झडप जन्मापासून अरुंद. नातलगांनी वहिनीला सोडलं नाही. म्हणे, पोटुशी असताना ग्रहणात विळी हातात घेतली. मग थोरांनी सगळ्याची एकच मोट बांधली: या घराला शाप आहे. बाबांनी अक्कलकोट रोडच्या चादरीच्या कारखान्यात जन्म घालवला, कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही. तेही गप्प राहून हे खरं मानून बसले होते.

बाळाच्या डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलं तेव्हा कळलं, की तुमची सगळी कारकीर्द आनुवंशिक कॅन्सर आणि जन्मजात हृदयदोष यांच्या संशोधनात गेली आहे. हे दोन विषय एका माणसाकडे कसे, असं मी विचारलं तर तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून सांगत बसलात. पेशीनं कधी वाढायचं, कधी थांबायचं हे ठरवणारी काही जनुकं गर्भात हृदय घडतानाही लागतात. पीटीपीएन-११ या जनुकातल्या बदलानं नूनन सिंड्रोम हा जन्मजात विकार होतो, ज्यात हृदयाची झडप अरुंद असू शकते, हे २००१ मध्ये कळलं. आमच्या बाळाची झडप त्यातलीच. त्याच जनुकात पुढे नुसत्या रक्तपेशींत बिघाड झाला, तर लहान मुलांमधला एक रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. ऐकून वहिनीचा चेहरा उतरला. तुम्ही लगेच तिच्याकडे वळून म्हणालात, की आत्यांचा आजार आणि बाळाचं हृदय यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बाळातला बदल आई-बाप दोघांतही नाही, तो नव्यानं झालाय. शंभरात साधारण एका बाळाला हृदयदोष असतोच, त्यासाठी ग्रहण लागत नाही. वहिनी तिथेच रडली. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला घरातलं कुणी धावलं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती वंशावळ. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजार झाला असेल तर वर्तुळ भरायचं, माणूस गेलेलं असेल तर तिरकी रेघ. तुम्ही तीन वर्तुळं काढलीत आणि थांबलात. कागद बाबांकडे फिरवलात, पेन्सिल त्यांच्या हातात दिलीत. "काका, बहिणींची नावं तुम्हीच लिहा." आमच्या घरात त्या नावांचा उच्चारही बंद झाला होता. बाबांनी लिहिली, एकेक अक्षर जपून. धाकट्या आत्यापाशी थांबले आणि म्हणाले, "ही माझ्या डब्यात शेंगाचटणी जास्तीची घालायची." बाहेर केवढी रांग होती! तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत, चटणीबद्दल विचारलंत. नावं झाल्यावर पेन्सिल परत घेऊन हळूच म्हणालात, "रेघा मी मारते."

मॅडम, त्या रेघा तुम्ही त्यांना मारायला लावल्या नाहीत. हे मी कधीच विसरणार नाही.

आमचं गाव डॉ. कोटणीसांचं. १९३८ साली चीनमध्ये जखमींची सेवा करायला गेलेला आणि तिथेच देह ठेवणारा हा डॉक्टर सोलापुरात जन्मला, हे ऐकत आम्ही वाढलो. मला वाटायचं, तशी माणसं आता होत नाहीत. होतात. विद्वत्ता पुष्कळांकडे असते, पण दारातून आत आलेल्या माणसाला आधी माणूस समजणं फार थोड्यांना जमतं, आणि आजारी घराला तेवढ्याचीच भूक असते.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे बापात बदल असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळायची निम्मी शक्यता. बाबांमध्ये बीआरसीए-१ चा बदल निघाला, माझ्यात निघाला, भावात नाही. माझं दरवर्षीचं एमआरआय ठरलंय. अंडाशयांचं काय करायचं ते पुढच्या भेटीत बोलू. मला भीती वाटते, पण आता कशाची भीती आहे ते माहीत आहे.

आणखी एक. धाकट्या आत्याची मुलगी तपासणीला तयार नव्हती. परवा बाबांनी स्वतः तिला फोन केला, तिच्या आईचं नाव घेऊन बोलले, बराच वेळ बोलले. ती यायला तयार झालीय. पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसनं तिला तुमच्याकडे घेऊन बाबाच येतील, मला येऊ नको म्हणालेत.

तुमची कृतज्ञ,
सोलापूरची एक पेशंट