मुठीचे बळही मोजा

महोदय,

शाळेतली आरोग्य तपासणी म्हणजे उंची, वजन, डोळे, दात. मुठीची पकड कोणी पाहत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहावीच्या १,४०० हून अधिक मुलांची पकड हातात आवळायच्या यंत्राने मोजली होती. वजनाच्या मानाने पकड कमी असलेल्यांत रक्तदाब, साखर, चरबी यांचा एकत्रित धोका जास्त दिसला. 'वजनाच्या मानाने' हे महत्त्वाचे. धिप्पाड पोराने त्या यंत्राचा काटा पुढे सरकवला म्हणून तो निरोगी ठरत नाही.

मी वर्षानुवर्षे खेळाच्या तासाला मुलांना सिंगलबारला लोंबकळायला लावले. पूर्वी लटकून वर माकडचेष्टा करणारी पोरे असत. शेवटी शेवटी नववीतला मुलगा पाच आकडे मोजायच्या आत हात चोळत खाली उतरे. मल्लखांबाचा दोर कोपऱ्यात धूळ खात होता.

पकड मोजायचे ते यंत्र वापरायला मुलामागे दोन मिनिटे पुरतात. सुई नाही, म्हणून पोरे पळतही नाहीत! मात्र कमी आकडा म्हणजे आजार नव्हे. घरी घाबरवणारी चिठ्ठी धाडू नये. अशा मुलांचा रक्तदाब आणि साखर तेवढी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली